पेशींची पानगळ आणि फुप्फुसांचे आरोग्य

शिशिरात जुनी पाने गळतात, म्हणूनच वसंतात पालवीला जागा मिळते. मानवी देहातही अशी पानगळ अखंड चालू असते. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात दररोज अंदाजे ५ ते ७ हजार कोटी पेशी ठरलेल्या क्रमाने स्वतःचा शेवट करून घेतात. या नियोजित पेशीमृत्यूला १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘गळून पडणे’ असाच आहे. त्यामागील जनुकीय नियम उलगडल्याबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा क्रम बिघडला की काय होते, हे फुप्फुसांच्या धमन्यांतील उच्च रक्तदाबात दिसते. आरंभी धमन्यांच्या आतील अस्तराच्या पेशी प्रमाणाबाहेर मरतात. त्यातून तगलेल्या काही पेशी मात्र मरणास दाद देत नाहीत आणि वाढतच जातात. भिंतीतील स्नायुपेशीही साचतात. नवा माल येत राहिला आणि जुना हललाच नाही, तर दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. तसाच या सूक्ष्म वाहिन्यांचा मार्ग अरुंद होतो. हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो व अखेर ती थकते. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ‘सोटॅटरसेप्ट’ हे औषध याच अनिर्बंध वाढीला आवर घालण्यासाठी आहे.

निर्व्यसनी कुटुंबांनीही गाफील राहू नये. तेव्हा पुण्यातील चेस्ट रिसर्च फाउंडेशनमध्ये असलेले डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहून, धूम्रपान न करणाऱ्यांनाही ‘सीओपीडी’ होतो याकडे लक्ष वेधले. चुलीचा धूर हे त्याचे एक मोठे कारण. अशा आजारात वायुकोशांच्या भिंती व त्यांतील केशवाहिन्या नष्ट होतात आणि उरलेल्या वाहिन्यांतील दाब वाढू शकतो.

जिना चढताना दम लागणे, चक्कर येणे, पावले सुजणे ही लक्षणे वयाच्या किंवा वजनाच्या खाती टाकली जातात. धमन्यांचा हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो, आणि निदानास अनेकदा दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. हृदयाची इको तपासणी पहिला इशारा देते. खात्रीसाठी उजव्या हृदयाचे कॅथेटरायझेशन करावे लागते. दुकानाचा ताळेबंद वेळेवर पाहणाऱ्या घराने घरातील गृहिणीचा वाढता दमही तितक्याच तत्परतेने डॉक्टरांपुढे मांडावा.