पलटणीच्या कागदावरची अक्षरं

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ट्रंकेच्या तळाशी पणजोबांचा पलटणीतला कागद असतो. नाव लागतं, साल लागतं. पुढे नुसती अक्षरं. संपादकांनी अशा एका कागदाची प्रत पाठवून ‘याचा लेख होतो का बघा’ म्हटलं, आणि मी त्या अक्षरांत गुंतलो.

‘३/५ एम.एल.आय.’ यातला ३/५ हा अपूर्णांक नाही आणि तारीखही नाही. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची ही तिसरी पलटण. १९२२च्या फेररचनेत जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या, तेव्हा ११० वी मराठा ३/५ झाली. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नायक यशवंत घाडगे याच पलटणीचे.

मला सर्वांत भावली ती ‘टी.ओ.एस.’ आणि ‘एस.ओ.एस.’ ही जोडी. पहिली म्हणजे शिपाई पलटणीच्या पटावर चढला. दुसरी म्हणजे पटावरून नाव उतरलं. घरचे लोक ‘एस.ओ.एस.’ पाहून घाबरतात, पणजोबा संकटात सापडले होते असं समजतात. बदली, सेवासमाप्ती, मृत्यू, कारण कोणतंही असो, कारकून तीच तीन अक्षरं लिहीत असे. पटावर नाव असेल तरच पगार आणि शिधा. म्हणून बदली झालेल्या माणसाचं नाव इथून उतरलं की दुसरीकडे चढायलाच हवं. या दोन तारखा जुळवत गेलं की एका शेतकऱ्याच्या पोराची वाट दिसू लागते. त्याच्या डायरीची गरज पडत नाही, पलटणीच्या कारकुनाची शिस्त पुरते. त्या अनाम कारकुनांविषयी मला फार आदर वाटतो.

पण हीच शिस्त पुढे दगा देते, कारण अक्षरं युद्धागणिक अर्थ बदलतात. ‘एम.ई.एफ.’ दुसऱ्या महायुद्धात मिडल ईस्ट फोर्सेस. पहिल्या महायुद्धात तेच गॅलिपोलीकडची भूमध्य समुद्रातली फौज, आणि तेव्हाच मेसोपोटेमियातल्या फौजेलाही तीच अक्षरं. मग तारीख आणि पलटण पाहावी लागते. कागदावर ११० वी मराठा आणि १९१६चा एप्रिल असेल, तर गॅलिपोली नव्हे, मेसोपोटेमियातलं कुत-अल-अमारा. २९ एप्रिलला तिथल्या वेढलेल्या फौजेनं शरणागती पत्करली, आणि पुढची नोंद बहुधा ‘पी.ओ.डब्ल्यू.’, म्हणजे युद्धकैदी.

त्याहून अवघड असतं ते गाव. खेड पुण्यातही आहे, रत्नागिरीतही. आजच्या सांगलीचा बराच भाग तेव्हा साताऱ्यात होता. सिंधुदुर्ग १९८१पर्यंत रत्नागिरीत. नावाचं स्पेलिंग तर साहेबाच्या कानावर. गणपत पवार तर एकेका पलटणीत अनेक! त्यांतला आपला कोणता, हे शिपाई क्रमांकाशिवाय ठरत नाही. आणि शाई फिकटली की हा क्रमांकही पुसट होतो.

याची काळजी वाटते, कारण मेसोपोटेमियात पडलेल्यांच्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या. घरातला कागद हाच कित्येकांचा नाव असलेला एकमेव पुरावा असू शकतो. तो लॅमिनेट करू नका. उष्णतेनं आणि चिकट प्लास्टिकनं तो कायमचा बिघडतो. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शिपाई क्रमांक वेगळा लिहून ठेवा. आणि घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल, तर गावाचं जुनं नाव आणि तालुका त्यांना आजच विचारून घ्या.