शंखपुष्पी: नाव एक, वनस्पती तीन

पावसाळ्यात मुरमाड माळरानावर, पायवाटेच्या कडेला जमिनीलगत पसरलेलं एक केसाळ रोपटं दिसतं. फुलं निळी, नखाएवढी. सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. ही विष्णुक्रांता. अनेक जण हिलाच शंखपुष्पी म्हणतात.

मात्र भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेने मान्य केलेली शंखपुष्पी वेगळी आहे. तिची फुलं पांढरी किंवा फिकट गुलाबी असतात. दोघी एकाच कुळातल्या. केरळात तर या नावाने गोकर्णीची वेल वापरतात! त्यामुळे बाजारातून सुकी पूड घेताना पुडीत नेमकं काय आहे, हे डोळ्यांनी ओळखणं जवळजवळ अशक्य.

चरकसंहितेत मेध्य, म्हणजे बुद्धीला पोषक, रसायनं चार: मंडूकपर्णीचा रस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क (वाटून केलेला लगदा). त्यांतही शंखपुष्पी विशेष मानलेली. मन शांत राहावं, झोप लागावी म्हणून ती आजही दिली जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत तिचा शामक परिणाम दिसला आहे. माणसांवरचा पुरावा अजून तोकडा आहे.

एक गोष्ट मात्र प्रत्येक घराला माहीत असायलाच हवी. अपस्मारावरचं फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांनी सोबत शंखपुष्पीयुक्त औषध घेतलं, तेव्हा आटोक्यात असलेले झटके पुन्हा येऊ लागले. हे निरीक्षण मुंबईतील संशोधकांनी 1992मध्ये मांडलं. उंदरांवरील प्रयोगात फेनिटॉइनची रक्तातली पातळी घटलेली आढळली. फिट्सच्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय शंखपुष्पी घेऊ नका, मुलांना तर मुळीच देऊ नका.