गेज नंबर पाच

सकाळी ६.१०

ट्रॉय, मिशिगन. गेल्या रविवारी घड्याळं एक तास मागे गेली, तेव्हापासून पुणं साडेदहा तास पुढे आहे. म्हणजे मी चहाचं आधण ठेवते तेव्हा तिकडच्या टीमचा एक डोळा ऑफिसच्या बसकडे असतो. फोनवर त्यांचं टेबल आलं होतं. मोटारीच्या मागच्या सस्पेन्शनचा एक आर्म, पत्र्याचा, वेल्ड केलेला. लॅबमध्ये त्याच्यावर पत्रा किती ताणला हे मोजणारी आठ स्ट्रेन गेज चिकटवून लोड दिला, आणि त्याच आठ जागांचे आकडे पुण्याने मॉडेलमधून काढले. सात गेज आठ टक्क्यांच्या आत. पाच नंबरला टेस्ट ११४० मायक्रोस्ट्रेन, मॉडेल ६२०.

चहात आलं घालायचं राहिलं.

सकाळी ७.००

कॉल. पुण्यातला मुलगा वर्षापूर्वी लागलेला, हुशार, पण आज त्याचा आवाज बसलेला.

“मॅडम, ड्रॉइंगवरचे कोऑर्डिनेट टाकले आणि सगळ्यात जवळचा नोड घेतला. तोच आकडा येतोय.”

“गेज बाहेरच्या बाजूला आहे ना? तू कुठल्या बाजूचा वाचलास?”

“टॉपचा. आठहीचा टॉपचाच.”

“तिथले नॉर्मल बघितलेस?”

तो गप्प. पत्रा मॉडेलमध्ये जाडी नसलेल्या कागदासारखा काढतात. त्याचे छोटे तुकडे म्हणजे एलिमेंट, तुकड्यांचे कोपरे म्हणजे नोड, आणि सगळं जाळं म्हणजे मेश. जाडी नुसती आकड्यात लिहिलेली असते. त्या कागदाची ‘वरची’ बाजू कुठली, हे एलिमेंटचा नॉर्मल, म्हणजे त्याच्यावर काटकोनात उभा असलेला बाण, ठरवतो, आपले डोळे नाही. पाच नंबरभोवतीचा तुकडा जुन्या मॉडेलमधून उचलून जोडला होता, आणि तिथले नॉर्मल उलटे. त्यामुळे ‘टॉप’ म्हणजे आतली बाजू. पत्रा वाकला की एक अंग ताणलं जातं, दुसरं दबतं. दोन्हीकडचा आकडा एक कसा येईल? बाजू बदलल्यावर ८७०. बरं, पण पुरेसं नाही. त्याची बस होती, त्याला सोडलं.

सकाळी ८.४०

आय-७५ वर गर्दी. या पट्ट्यात या कामाची माणसं पावलापावलावर भेटतात. मेश करायला जगभर वापरलं जाणारं हायपरमेश ज्या अल्टेअर कंपनीने बनवलं, ती १९८५ साली याच भागात सुरू झाली. नॅस्ट्रन तर त्याहून जुनं, साठच्या दशकात नासाने आपल्या यानांसाठी लिहून घेतलेलं.

सकाळी ९.३०

पुण्याच्या मुलासाठी एक चित्र काढून ठेवलं. मीही हे नोकरीत बऱ्याच उशिरा शिकले. स्क्रीनवर बिंदूवर क्लिक केलं की आकडा येतो, म्हणून वाटतं की सॉफ्टवेअरने तिथेच हिशोब केला. नोडवर हिशोब होतो तो फक्त हलण्याचा, नोड किती सरकला याचा. स्ट्रेसचा हिशोब एलिमेंटच्या पोटात होतो, गॉस पॉइंटवर. चौकोनी एलिमेंटमध्ये असे सहसा चार बिंदू, मध्यापासून कडेपर्यंतच्या अंतराच्या ०.५७७ पटीवर. ब्रिटनमधल्या बार्लो यांनी १९७६ साली दाखवून दिलं की एलिमेंटच्या आतल्या काही ठराविक बिंदूंवर स्ट्रेस सगळ्यात विश्वासाचा असतो. नोडपर्यंत तो ओढून नेलेला असतो. शिवाय एका नोडला चार एलिमेंट टेकलेले असले की चौघांचे चार आकडे, आणि आपल्याला दिसते ती त्यांची सरासरी. त्यातले दोघे तीन मिलिमीटर जाडीचे आणि दोघे पाच मिलिमीटरचे असले, तर ती सरासरी दोन्हींपैकी कुठल्याच पत्र्याची नाही.

दुपारी १२.१५

मीटिंगांमध्ये सकाळ गेली, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. डब्यात पोळी, मेथी. शितावरून भाताची परीक्षा हे आपल्याकडे सगळे म्हणतात, पण माझी आजी शीत नेहमी पातेल्याच्या मधलं उचलायची, कडेचं कधीच नाही. कडेचं करपलेलं असतं हे तिला ठाऊक होतं.

दुपारी १.३०

टेस्ट लॅब. इथला टेक्निशियन निवृत्तीला आलेला. स्ट्रेन गेज १९३८ साली अमेरिकेत दोन माणसांनी, सिमन्स आणि रूज यांनी, एकमेकांना न कळवता शोधलं. हा त्यांच्याबद्दल असा बोलतो, जणू दोघांबरोबर जेवून आलाय. त्याच्या इंग्रजीचं मराठी करायचं तर, “तुमच्या ड्रॉइंगमधल्या जागेवर वेल्डिंगचा कण उडून बसला होता. तिथे गेज बसत नाही, म्हणून जरा सरकवलं. वहीत लिहिलंय.”

वहीत खरंच लिहिलं होतं. आमच्यापर्यंत जी फाइल आली, तिच्यात तो रकाना नव्हता.

पार्ट टेबलावर घेतला. पाच नंबरचं गेज फेव्हिक्विकच्याच कुळातल्या गोंदाने चिकटलेलं, नखाएवढी पिवळसर पट्टी, तिच्यावर नागमोडी तार. व्हर्निअर लावलं. वेल्डच्या कडेपासून १५ मिलिमीटर हवं होतं, निघालं ९. आणि दिशाही ड्रॉइंगपेक्षा थोडी कललेली. त्या नागमोडी तारेची लांबी ३ मिलिमीटर, म्हणजे गेज एका बिंदूचं बोलतच नाही, तीन मिलिमीटरभर जागेची सरासरी सांगतं. मॉडेलमध्ये आमचा एक एलिमेंट पाच मिलिमीटरचा.

दुपारी ३.००

तेवढ्या तुकड्याची मेश बारीक केली. गेज जसं कललंय तसा एक लोकल अक्ष मांडला. गेजच्या लांबीवर येणाऱ्या एलिमेंटचे आकडे, बाहेरच्या बाजूचे, त्या दिशेतले, घेऊन सरासरी काढली. १०९०. टेस्टपेक्षा साडेचार टक्क्यांच्या आत. उलटी बाजू आणि सहा मिलिमीटर, एवढंच होतं सगळं, आणि त्यापायी सकाळी एका पोराचा घसा कोरडा पडला.

संध्याकाळी ४.३०

मॅनेजर आला, स्क्रीनवरच्या लाल ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, “मॅक्सिमम किती?” हा प्रश्न रोज येतो. लाल ठिपका वेल्डच्या नेमक्या कडेवर. तिथे मॉडेलमध्ये धारदार कोपरा आहे, मेश जितकी बारीक करावी तितका आकडा चढत जातो, थांबतच नाही. म्हणून वेल्डवाले त्या बिंदूला विचारतच नाहीत. पत्र्याच्या जाडीच्या ०.४ पट आणि १ पट अंतरावरचे दोन आकडे घेतात. पहिल्याला १.६७ ने गुणतात, त्यातून दुसऱ्याची ०.६७ पट वजा करतात. समजा २१० आणि १८०, तर कडेवरचा धरायचा तो साधारण २३०.

पण अशा ओढून आणलेल्या आकड्यावर किती विसंबायचं? २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्लाइपनर ए या तेलाच्या प्लॅटफॉर्मचा काँक्रीटचा पाया चाचणीतच फुटून बुडाला. ढोबळ मेशमुळे भिंतींमधला शिअर ४७ टक्क्यांनी कमी आला होता. अपघातानंतर नीट हिशोब केला, तेव्हा भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं निघालं. फुटली ती ६५ वर.

मॅनेजरला २३० वाला हिशोब पाठवला. त्याला लाल ठिपक्याचाच आकडा हवा होता.

रात्री ९.२०

पुण्यात सकाळचे आठ वाजायला आलेले. जेवणाआधी सगळं लिहून पाठवलं होतं: नॉर्मल, सरकलेली जागा, नवा आकडा, व्हर्निअरसकट फोटो. भांडी आवरताना त्याचं उत्तर आलं.

“मॅडम, थँक यू. पण मग बाकीचे सात ड्रॉइंगवरच्या जागेवर आहेत का? जुळतायत म्हणून आपण बघितलंच नाही.”

दोन नंबर सात टक्क्यांवर होता. तोही सरकलेला असला, तर ते जुळणं कशाचं?

लॅब सातला उघडते. “उद्या आठही मोजते,” एवढं लिहिलं आणि फोन चार्जिंगला लावला.