कपाटाचे दार आणि फिरते पाते

घरातल्या जुन्या लाकडी कपाटाचे दार नीट पाहा. चार पट्ट्यांची चौकट आणि तिच्या खाचेत बसवलेली मधली फळी अशी त्याची रचना दिसेल. फळीचा मधला भाग उठावदार असतो आणि कडा उतरत्या असतात. ही केवळ शोभा नव्हे. लाकूड दमट हवेत पाणी शोषते आणि तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीत मात्र फारसा फरक पडत नाही. सुमारे ३० सेंटिमीटर रुंदीची फळी पावसाळ्यात दोन-तीन मिलिमीटर वाढू शकते. म्हणून सुतार ती खाचेत सरस न लावता सैल बसवतो. सरसाने जखडली, तर फळी तडकेल किंवा चौकट उकलेल. कडा उतरत्या केल्या, की जाड फळीही अरुंद खाचेत बसते.

पूर्वी हा उतार रंध्याने काढीत. आता त्यासाठी राउटर नावाचे विजेचे यंत्र वापरतात. ते टेबलाखाली उलटे बसवलेले असते. पाते टेबलाच्या भोकातून वर येते आणि फळी त्यावरून सरकवली जाते. येथेच भौतिकशास्त्राची गाठ पडते.

समजा, यंत्र मिनिटाला २२,००० फेरे घेते. एक सेंटिमीटर व्यासाच्या पात्याची कड तेव्हा ताशी सुमारे ४१ किलोमीटर वेगाने धावते. उतार काढण्याचे पाते मात्र नऊ सेंटिमीटर व्यासाचे असू शकते. फेरे तेवढेच, पण कडेचा वेग नऊपट, म्हणजे ताशी सुमारे ३७० किलोमीटर!

आता बलाचा हिशेब करू. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे खेचून धरावे लागते. हे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या मोठ्या पात्याच्या कडेवरील एक ग्रॅम धातूला जागेवर धरण्यास २२,००० फेऱ्यांना सुमारे २४ किलोग्रॅम वजनाइतके बल लागते. १०,००० फेऱ्यांना पाच किलोग्रॅम पुरते. म्हणून पाते मोठे, तर फेरे कमी, हा पहिला नियम. ज्या यंत्राचा वेग कमी करता येत नाही, त्यावर असे पाते लावूच नये.

दुसरा नियम दिशेचा. टेबलाखालच्या राउटरचे पाते वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरते. पात्यामागे आधारपट्टी असते. आपल्या बाजूचे दात डावीकडून उजवीकडे जातात. म्हणून फळी उजवीकडून डावीकडे, दातांच्या विरुद्ध सरकवावी. दात तिला मागे रेटतात आणि ती आपल्या ताब्यात राहते. उलट दिशेने सरकवली, तर दात फळी हिसकावून घेतात आणि तिच्यामागे हात पात्याकडे ओढला जातो. हा क्षण इतका छोटा असतो, की हात मागे घ्यायला सवड मिळत नाही.

तिसरा नियम धीराचा. सगळा उतार एकदम काढू नये. दर खेपेस दोन-तीन मिलिमीटरच लाकूड काढावे, म्हणजे बल थोडे लागते व झटका बसत नाही. आधी तंतूंना आडव्या कडा कापाव्या. त्या वेळी कोपऱ्यावर उडणारी ढलपी नंतर तंतूंच्या दिशेने कापताना निघून जाते. फळी बोटांनी नव्हे, लाकडी ठोकळ्याने ढकलावी. डोळ्यांना चष्मा, कानांना संरक्षण हवेच. पाते बदलताना वीजजोडणी काढून ठेवावी. मित्रांनो, हे काम जाणत्या कारागिराचे आहे. तुम्ही ते दुरून पाहा आणि त्यामागची कारणे ओळखा.

एक निरीक्षण मात्र घरीच करता येईल. येत्या उन्हाळ्यात रंगवलेल्या जुन्या दाराची फळी चौकटीलगत बारकाईने पाहा. तेथे रंग न लागलेली लाकडाची बारीक रेघ दिसली, तर ती फळी आक्रसली आहे असे समजा. पावसाळ्यात ती रेघ पुन्हा खाचेत लपते का, तेही तपासा.