ग्रहांचे उच्चनीचत्व

फलज्योतिषात ग्रह कोणत्या राशीत आहे, यावरून त्याचे बलाबल ठरविण्याची एक पद्धत. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र व शनी या सात ग्रहांपैकी प्रत्येकाची एक उच्च राशी व तिच्यापासून सातवी अशी एक नीच राशी मानलेली आहे. उच्च राशीत ग्रह पूर्ण बलवान, तर नीच राशीत निर्बल होतो, असा सिद्धांत आहे. ‘उच्चीचा गुरू’, ‘नीचीचा शनी’ हे व्यवहारातील शब्दप्रयोग त्यावरूनच आले आहेत.

सिद्धांतज्योतिषातील ‘मंदोच्च’ या संज्ञेशी या उच्चाचा संबंध नाही. मंदोच्च हा कक्षेतील पृथ्वीपासून अतिदूर असा गणिताने काढलेला बिंदू होय. आर्यभटाच्या मते रवीचे मंदोच्च ७८ अंशांवर, म्हणजे मिथुन राशीत येते. फलज्योतिषातील रवीचे उच्च मात्र मेष राशीत मानलेले आहे. नामसादृश्यामुळे या दोहोंची गल्लत होण्याचा संभव असतो.

उच्च, नीच व मूलत्रिकोण : वराहमिहिराच्या (सहावे शतक) बृहज्जातकात उच्च राशींबरोबर त्यांतील विशिष्ट अंशही दिलेले आहेत. त्या अंशास ‘परमोच्च’ म्हणतात. त्यापासून १८० अंशांवरील बिंदू ‘परमनीच’ होय. ज्या राशीचा ग्रह स्वामी असतो, ती त्याची स्वराशी किंवा स्वगृह. उच्च व स्वगृह यांच्या दरम्यानच्या योग्यतेचे स्थान म्हणजे मूलत्रिकोण. बृहज्जातकात मूलत्रिकोणाच्या केवळ राशी सांगितल्या असून त्यांतील अंशांच्या मर्यादा नंतरच्या परंपरेत निश्चित झाल्या. त्यांबाबत ग्रंथांत थोडाफार मतभेद आहे.

| ग्रह | परमोच्च | परमनीच | मूलत्रिकोण राशी | स्वगृह |
|---|---|---|---|---|
| रवी | मेष १०° | तूळ १०° | सिंह | सिंह |
| चंद्र | वृषभ ३° | वृश्चिक ३° | वृषभ | कर्क |
| मंगळ | मकर २८° | कर्क २८° | मेष | मेष, वृश्चिक |
| बुध | कन्या १५° | मीन १५° | कन्या | मिथुन, कन्या |
| गुरू | कर्क ५° | मकर ५° | धनू | धनू, मीन |
| शुक्र | मीन २७° | कन्या २७° | तूळ | वृषभ, तूळ |
| शनी | तूळ २०° | मेष २०° | कुंभ | मकर, कुंभ |

या मांडणीत एक प्रकारची प्रतियोगिता दिसते. रवीची उच्च राशी ती शनीची नीच राशी व शनीची उच्च राशी ती रवीची नीच राशी आहे. गुरू व मंगळ, तसेच बुध व शुक्र या जोड्यांचाही असाच व्यत्यास आहे. चंद्र मात्र या योजनेत एकटा राहतो. राहू व केतू हे छेदनबिंदू असल्याने प्राचीन जातकग्रंथांत त्यांना उच्च-नीच दिलेले नाही. पुढील काळात त्यांना राशी देण्यात आल्या, तथापि राहूचे उच्च वृषभेत की मिथुनेत, याविषयी एकवाक्यता नाही.

मित्र व शत्रू राशी : ग्रह उच्चीचा, नीचीचा वा स्वगृहीचा नसेल, तर तो मित्राच्या, समाच्या की शत्रूच्या राशीत आहे हे पाहतात. नैसर्गिक मैत्री ठरविण्याचा सत्याचार्यांच्या नावावर असलेला नियम असा : ग्रहाच्या मूलत्रिकोण राशीपासून दुसऱ्या, चौथ्या, पाचव्या, आठव्या, नवव्या व बाराव्या राशींचे स्वामी आणि त्याच्या उच्च राशीचा स्वामी घ्यावेत. दोनदा येणारा ग्रह मित्र, एकदा येणारा सम व मुळीच न येणारा शत्रू होय. रवी व चंद्र एकेकाच राशीचे स्वामी असल्याने ते एकदा आले तरी मित्र मानतात. उदाहरणार्थ, रवीच्या सिंह राशीपासून मोजले असता मंगळ व गुरू एकापेक्षा अधिक वेळा येतात आणि चंद्र एकदा येतो, म्हणून हे तिघे रवीचे मित्र. बुध एकदाच येत असल्याने सम. शुक्र व शनी येत नाहीत, म्हणून ते शत्रू. यावरून मैत्रीचे कोष्टकही उच्च व मूलत्रिकोण यांच्याच आधारावर उभे आहे, हे ध्यानात येते.

उच्चबलाचे गणित : षड्बल पद्धतीत स्थानबल, दिग्बल, कालबल, चेष्टाबल, नैसर्गिक बल व दृग्बल अशी सहा बले मोजतात. उच्चबल हे त्यांपैकी स्थानबलाचे एक अंग आहे. परमनीच बिंदूपासून ग्रहाचे अंतर घेऊन ते १८० अंशांपेक्षा अधिक असल्यास ३६० मधून वजा करतात व बाकीस तीनने भागतात. येणारा भागाकार षष्ट्यंशांत उच्चबल दर्शवितो. परमोच्च बिंदूवर ते ६० व परमनीच बिंदूवर शून्य येते. शनी धनू राशीच्या २०व्या अंशावर, म्हणजे २६० अंशांवर असेल, तर मेषेच्या २०व्या अंशापासून अंतर २४०, ते ३६० मधून वजा जाता १२० व त्याचा तृतीयांश ४० षष्ट्यंश होतो. म्हणजेच या गणिताप्रमाणे राशी बदलताच बल एकदम पालटत नाही. ते क्रमाने वाढते व घटते. ‘उच्चीचा’ व ‘नीचीचा’ एवढीच ठोकळ विभागणी व्यवहारात रूढ असली, तरी ग्रंथांतील विचार याहून सूक्ष्म आहे.

नीचभंग : नीच ग्रहाचे दौर्बल्य काही योगांनी नष्ट होते, असेही मानतात. नीच राशीचा स्वामी किंवा त्या ग्रहाच्या उच्च राशीचा स्वामी लग्नापासून अथवा चंद्रापासून केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या वा दहाव्या स्थानी असल्यास नीचभंग होतो. तूळ राशीतील रवीच्या बाबतीत शुक्र वा मंगळ केंद्रात असणे, हे त्याचे उदाहरण. काही ग्रंथांत अशा योगास राजयोगाची योग्यता दिली आहे. याचा परिणाम असा, की अनेक पत्रिकांत नीच ग्रहाचे फल वाईट किंवा चांगले, दोन्ही प्रकारे सांगता येते आणि निर्णय सांगणाऱ्याच्या तारतम्यावर अवलंबून राहतो.

इतिहास : वेदांगज्योतिषात मेषादी राशी नाहीत, कालगणना नक्षत्रांवर आधारलेली आहे. त्यामुळे राशींवर अवलंबून असलेली उच्चनीचांची कल्पना त्या काळातील असू शकत नाही. बॅबिलोनियन ज्योतिषात प्रत्येक ग्रहाचे एक ‘गुप्त गृह’ मानीत. उच्चांचे मूळ तेथे असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. ग्रीक ज्योतिषात उच्च राशी भारतीय उच्च राशींप्रमाणेच आहेत. मंगळ (२८°), बुध (१५°) व शुक्र (२७°) यांचे अंशही जुळतात; परंतु रवीचा अंश तेथे १९ व गुरूचा १५ आहे. केंद्र, पणफर, आपोक्लिम, द्रेष्काण इ. संज्ञा ग्रीक भाषेतून आलेल्या असून वराहमिहिराने यवनांच्या मतांचा निर्देश केला आहे. तथापि षड्बल, मैत्रीचक्र व नीचभंग यांसारखा विस्तार भारतीय ग्रंथकारांनी केला.

टॉलेमीने (दुसरे शतक) उच्चांची उपपत्ती ऋतूंवरून लावली. मेषेत रवी आला की दिनमान व उष्णता वाढू लागते, म्हणून ते त्याचे उच्च; तुळेत दिनमान घटू लागते, म्हणून ते नीच, असा त्याचा युक्तिवाद आहे. ही उपपत्ती संपातापासून मोजलेल्या सायन राशींना लागू पडते. निरयन पद्धतीत रवीचा मेषप्रवेश हल्ली १४ एप्रिलच्या सुमारास, म्हणजे वसंतसंपातानंतर सु. २४ दिवसांनी होतो. म्हणून तेथे तिचा आधार उरत नाही.

अयनांशाचा प्रश्न : निरयन राशिचक्राचा आरंभबिंदू कोणता, यावर ग्रहाची राशी अवलंबून असते. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग-सुधारणा समितीने (अहवाल १९५५) चित्रा ताऱ्यावर आधारलेला अयनांश स्वीकारला व २१ मार्च १९५६ रोजी तो २३° १५′ धरला. महाराष्ट्रात लोकमान्य टिळकांच्या नावे चालणाऱ्या पंचांगाने मात्र रेवती-योगतारा पक्ष धरला असून त्याचा अयनांश सु. चार अंशांनी कमी आहे. परिणामी चित्रापक्षीय पंचांगाप्रमाणे मिथुनेच्या २८व्या अंशावर असलेला गुरू रेवतीपक्षाप्रमाणे कर्केत, म्हणजे उच्च राशीत येतो. एकाच क्षणी, एकाच आकाशात असलेला ग्रह एका पंचांगात शत्रूच्या राशीत व दुसऱ्यात उच्चीचा ठरतो. [⟶ अयनचलन].

गणिती मर्यादा : सातही ग्रह एकाच वेळी उच्च असणे अशक्य आहे. पृथ्वीवरून पाहता बुध रवीपासून सु. २८ व शुक्र सु. ४७ अंशांहून अधिक दूर जात नाही. त्यामुळे मेषेत रवी असता बुध कन्येत असू शकत नाही. तसेच बुध व शुक्र एकदम उच्च होऊ शकत नाहीत. वाल्मीकि रामायणाच्या प्रचलित पाठात रामजन्माच्या वेळी पाच ग्रह उच्च होते, असा निर्देश आहे. चंद्र पुनर्वसू नक्षत्री म्हटला असल्याने तो वृषभेत नाही आणि बुध व शुक्र यांपैकी एकच उच्च असू शकतो. तेव्हा पाच ही संख्या भरण्यास रवी मेषेत असलाच पाहिजे. परंतु पुनर्वसू नक्षत्र ९३° २०′ वर संपते व शुक्ल नवमीस चंद्र रवीच्या किमान ९६ अंश पुढे असतो. म्हणजे त्या वेळी रवी मीन राशीतच येतो. तिथी, नक्षत्र व उच्च ग्रह या तिन्ही गोष्टी एकत्र जुळत नसल्याने या निर्देशावरून जन्मकाल काढण्याचे प्रयत्न गणिताच्या कसोटीस उतरत नाहीत. तो अवताराची थोरवी सांगणारा काव्यसंकेत म्हणून पाहणे अधिक युक्त होय.

मंदगती ग्रहांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. चंद्र दर महिन्यास सु. सव्वादोन दिवस वृषभेत असतो. पण शनी सु. साडेएकोणतीस वर्षांतून एकदा तुळेत येतो व सु. अडीच वर्षे तेथे राहतो. चित्रापक्षाप्रमाणे नोव्हेंबर २०११ ते नोव्हेंबर २०१४ या काळात (२०१२ मधील काही आठवडे वगळता) शनी उच्चीचा होता आणि जून २०१४ पासून गुरूही कर्केत होता. जून अखेरीपासून ऑक्टोबर अखेरीपर्यंत जगभर जन्मलेल्या सर्व बालकांच्या पत्रिकांत हे दोन्ही ग्रह उच्च आहेत. केवळ राशीवरून व्यक्तीचे भाग्य सांगता येत नाही, हे यावरून उघड होते. जातकग्रंथांतही लग्न, भाव, दृष्टी व दशा यांचा विचार आवश्यक मानला आहे.

परीक्षण : ग्रह ज्या दिशेस दिसतो, तिच्यामुळे त्याच्या भौतिक गुणधर्मांत फरक पडत नाही. उच्चनीचत्वाला खगोलशास्त्रात आधार नाही. पत्रिकेवरून केलेल्या निदानाची सांख्यिकीय कसोटी जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात २००८ मध्ये घेतली. हुशार व मतिमंद अशा मुलांच्या प्रत्येकी १०० पत्रिका जमविण्यात आल्या. त्यांतील प्रत्येकी ४० पत्रिका तपासून मत कळविणाऱ्या २७ ज्योतिषांची अचूकता सरासरी ४६ टक्के भरली. नाणे उडवून केलेल्या निवडीतही सु. ५० टक्के उत्तरे बरोबर येतात. या परीक्षेत उच्चनीचत्व स्वतंत्रपणे तपासलेले नव्हते. परंतु ज्या फलादेशाचे ते एक अंग आहे, त्या फलादेशाची सत्यता तीत दिसून आली नाही.

विवाह, संततीचे भवितव्य यांसारख्या प्रसंगी पत्रिकेतील नीच ग्रह आजही अनेक कुटुंबांत चिंतेचा विषय होतो. ही संज्ञा प्राचीन राशिचक्रातील एक सांकेतिक स्थान दर्शविते. व्यक्तीच्या योग्यतेचा निर्णय तीवरून करता येत नाही. ज्योतिषाच्या इतिहासात मात्र बॅबिलोनिया, ग्रीस व भारत यांच्यातील विचारविनिमयाचा एक स्पष्ट पुरावा म्हणून तिचे महत्त्व आहे.