जंजिरा : समुद्रातील एक बेट

विद्यार्थी मित्रांनो, समुद्रातील बेटाला तुम्ही उर्दूत काय म्हणता? ‘जज़ीरा’. हा शब्द मूळचा अरबी भाषेतला. तो कोकणच्या किनाऱ्यावर आला, इथल्या लोकांच्या बोलण्यात मिसळला आणि त्याचा ‘जंजिरा’ झाला. पुढे मराठीत चारी बाजूंनी पाणी असलेल्या किल्ल्यालाच ‘जंजिरा’ म्हणू लागले. उर्दूतील ‘ज़ंजीर’ या शब्दाशी मात्र त्याचे काही नाते नाही.

महाराष्ट्रात जंजिरे अनेक आहेत. पण नुसते ‘जंजिरा’ म्हटले, की मुरूडचा जंजिराच डोळ्यांसमोर येतो. हा किल्ला रायगड जिल्ह्यात, राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी, समुद्रातील एका खडकावर उभा आहे. सुमारे २२ एकरांचे हे बेट. त्याच्या काठाकाठाने उंच तट बांधलेला आहे. भरतीच्या वेळी पाणी तटाला भिडते. तेव्हा लांबून पाहणाऱ्याला वाटते, की किल्ला पाण्यावर तरंगतो आहे.

किल्ल्यावर जायचे तर राजपुरी गावाच्या धक्क्यावरून होडी करावी लागते. शिडात वारा भरतो आणि होडी डुलत निघते. होडी जवळ आली, तरी किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही. दोन बुरजांच्या मध्ये तो असा बेताने लपवला आहे, की अगदी समोर गेल्यावरच नजरेस पडतो. शत्रूला तो सहजासहजी सापडू नये, हाच त्यामागचा हेतू.

या बेटाची कहाणी कोळ्यांपासून सुरू होते. पंधराव्या शतकात समुद्री चाच्यांचा त्रास फार होता. त्यांच्यापासून बचाव व्हावा, म्हणून राम पाटील नावाच्या कोळ्यांच्या प्रमुखाने या खडकावर लाकडी मेढेकोट उभारला. मेढेकोट म्हणजे मोठमोठे ओंडके एकाला एक लागून रोवून केलेली तटबंदी. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीची नजर या जागेवर गेली. निजामशाहीचा सरदार पिरमखान व्यापारी बनून आला. त्याने पेट्यांमध्ये सैनिक लपवून आणले आणि मेढेकोट घेतला, अशी आख्यायिका सांगतात. त्यानंतर १५६७ ते १५७१ या काळात लाकडी कोटाच्या जागी दगडी किल्ला बांधला गेला.

निजामशाहीच्या चाकरीत अनेक हबशी सरदार होते. हबशी म्हणजे आफ्रिकेतील ‘हबश’ देशाकडून, म्हणजे आजच्या इथिओपियाकडून आलेले लोक. त्यांना ‘सिद्दी’ असेही म्हणत. त्यांच्यापैकी कितीतरी जण लहानपणी गुलाम म्हणून विकले गेले होते. परंतु परक्या मुलखात त्यांनी आपल्या शौर्याने आणि हुशारीने मोठी पदे मिळवली. निजामशाहीचा प्रसिद्ध वजीर मलिक अंबर हाही हबशीच होता. याच सिद्दी सरदारांच्या हाती जंजिरा आला. प्रारंभी गादी बापाकडून मुलाकडे जात नसे. आरमारावर ज्याचा अधिकार आणि ज्याच्या अंगी योग्यता, तो प्रमुख होई. सिद्दींच्या मुलखाला लोक ‘हबसाण’ म्हणत.

जंजिऱ्यासाठी मोठमोठ्या लढाया झाल्या. स्वराज्याचा किनारा सुरक्षित राहावा, म्हणून छत्रपती शिवाजी महाराजांना हा किल्ला हवा होता. १६७१ मध्ये किल्लेदार फत्तेखान किल्ला त्यांच्या स्वाधीन करण्याच्या विचारात होता. पण त्याच्याच साथीदारांनी त्याला कैद केले आणि मोगलांचा आश्रय घेतला. महाराजांनी हार मानली नाही. जंजिऱ्यासमोरच कांसा नावाच्या खडकावर त्यांनी पद्मदुर्ग हा नवा किल्ला बांधला. लाय पाटील नावाच्या कोळी वीराने रात्रीच्या अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावण्याचे धाडस केले, अशी कथा प्रसिद्ध आहे. १६८२ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव टाकण्याचे काम सुरू केले. परंतु मोगली फौज स्वराज्यावर चालून आल्यामुळे ते अर्धवट राहिले. जंजिरा अखेरपर्यंत कोणालाही लढून जिंकता आला नाही.

मित्रांनो, इतिहास वाचताना आपण पुष्कळदा एकच गोष्ट विचारतो : कोण जिंकले, कोण हरले? जंजिऱ्याकडे पाहताना मात्र दोन्ही बाजूंचे धैर्य पाहावे. समुद्रात भराव टाकायला निघणाऱ्यांचे धैर्य मोठे होते आणि वर्षानुवर्षे वेढ्याला तोंड देणाऱ्यांचेही मोठे होते. शिवाय लढाई नसे, तेव्हा माणसे काय करीत होती, हेही विचारावे. लढाया काही दिवस चालतात. जगणे रोजचेच असते.

किल्ल्याच्या आत एक गावच वसले होते. घरे होती, मशिदी होत्या, सुरूलखानाचा मोठा वाडा होता. ‘कलाल बांगडी’ ही प्रचंड तोफ आजही तिथे पाहायला मिळते. पण या सर्वांहून मोलाची वस्तू म्हणजे पाणी. चारी बाजूंना खारा समुद्र आणि आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव! दगडांनी बांधलेले हे तलाव नसते, तर तट कितीही उंच असूनही आतली माणसे तहानेने व्याकूळ होऊन शरण गेली असती. तांदूळ, सरपण, कापड, औषध अशा बाकीच्या वस्तू होडीतूनच येत. म्हणजे बेट किनाऱ्यावर अवलंबून होते. मासेमारी करणारे कोळी, शेती करणारे कुणबी, नारळ-सुपारीच्या वाड्या राखणारे बागायतदार, गलबतांवर काम करणारे कोकणी मुसलमान, अशा सर्वांच्या श्रमावर हबसाण उभे होते.

जंजिरा संस्थानात मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन हे भाग येत. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे घराणे श्रीवर्धनचेच. उर्दू वाचकांना जवळची वाटेल अशीही एक आठवण या संस्थानाशी जोडलेली आहे. नवाब सिद्दी अहमदखान यांच्या बेगम नाज़ली राफिया यांनी १९०८ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि त्याचे वर्णन ‘सैर-ए-यूरोप’ या उर्दू पुस्तकात लिहिले. त्या काळी स्त्रीने प्रवासवर्णन लिहिणे ही फार मोठी गोष्ट होती. प्रसिद्ध विद्वान शिबली नोमानी यांचाही नवाबांच्या घराण्याशी स्नेह होता.

१९४८ मध्ये जंजिरा संस्थान भारतात विलीन झाले. किल्ल्याचे काम आता संपले होते. शाळा, दवाखाना, बाजार, नोकरी सारे किनाऱ्यावर. पावसाळ्यात समुद्र खवळला, की आजाऱ्याला होडीतून नेणेही कठीण. एकेक कुटुंब सामान बांधून राजपुरी आणि मुरूडला राहायला गेले. ज्या बेटाला तोफा रिकामे करू शकल्या नाहीत, ते रोजच्या गरजांनी रिकामे झाले. आज तिथे पडक्या भिंती आहेत, वाढलेली झुडपे आहेत आणि तलावात हिरवट पाणी आहे.

किनाऱ्यावरचे जीवन मात्र चालूच आहे. सकाळी होड्या परततात. बोंबील आणि जवळा उन्हात वाळतात. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ अर्पण करतात. पर्यटकांना किल्ल्यावर नेण्याचा व्यवसाय अनेक घरांचा आधार झाला आहे. होडी हाकणारा कोळी असो की मुसलमान, वारा आणि भरती-ओहोटी दोघांना सारखीच. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले. घरांची छपरे उडाली, सुपारीच्या वाड्या भुईसपाट झाल्या. सुपारीचे नवे झाड फळ देऊ लागेपर्यंत बरीच वर्षे जातात. तरीही लोकांनी पुन्हा रोपे लावली. वादळाने कोणाचेही घर नाव विचारून सोडले नाही.

जंजिऱ्याला गेलात, तर तिथल्या नाखव्याचे बोलणे नीट ऐका. दर्या, बंदर, बुरूज, तोफ, किल्ला असे तुमच्या ओळखीचे कितीतरी शब्द कानी पडतील. ‘नाखवा’ हा शब्दसुद्धा फारसी ‘नाख़ुदा’पासूनच आला आहे. दूरदूरच्या देशांतून माणसे या किनाऱ्यावर आली. ती लढली, राबली आणि इथलीच झाली. त्यांच्याबरोबर आलेले शब्दही मराठीचे झाले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. किल्ल्याच्या भिंतीवर आपले नाव कोरू नका. तलावात प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा बाटल्या टाकू नका. ज्या पाण्याने शेकडो वर्षे माणसांना जगवले, त्या पाण्याचा मान राखणे आपले कर्तव्य आहे. ज्यांनी हा किल्ला बांधला, त्या पाथरवटांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. त्यांनी उभारलेले दगड हीच त्यांची सही आहे. तिच्यावर आपली सही कशाला?