स्वस्त कॅबिनेट घेताना

घरी जुळवायच्या कॉम्प्युटरचं बजेट प्रोसेसर आणि रॅममध्येच संपतं. कॅबिनेट येतं उरल्यासुरल्या पैशांत. कन्नड तालुक्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात आणि धुळीत मात्र या पत्र्याच्या खोक्याची खरी परीक्षा होते.

माप : एटीएक्स मदरबोर्ड ३०५ × २४४ मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स २४४ × २४४ चा. मोठ्या कॅबिनेटमध्ये सहसा छोटा बोर्डही बसतो, उलटं जमत नाही. ग्राफिक्स कार्डची लांबी आणि प्रोसेसरच्या कूलरची उंची आधीच ताडून पाहावी.

हवा : समोर काचेऐवजी जाळी असावी. पुढचे पंखे हवा आत ओढतात, मागचा बाहेर फेकतो. आत येणारी हवा जास्त असली, की फटींतून धूळ कमी शिरते. फिल्टर काढून धुता येतो का, हे दुकानातच पाहावं.

एसएमपीएस (वीजपुरवठा युनिट) : स्वस्त कॅबिनेटसोबत येणाऱ्या एसएमपीएसच्या भरवशावर ग्राफिक्स कार्ड लावू नये. ‘८० प्लस’ प्रमाणपत्राचा, नावाजलेल्या कंपनीचा वेगळा घ्यावा.

दिवे : रंगीत झगमगाटाने गारवा येत नाही. त्याच पैशांत १२० मिलिमीटरचा एक जादा पंखा बसतो.

वाहतूक : छत्रपती संभाजीनगरहून काचेच्या बाजूचं कॅबिनेट आणायचं, तर मूळ थर्माकोलसह खोक्यातूनच आणावं.